ब्रूनोचे सतत बिघडणारे पोट : नवे खाद्य शोधण्याआधी

आपला प्रश्न नीट वाचला. ब्रूनो हा तीन वर्षांचा, नसबंदी झालेला लॅब्राडोर आहे आणि त्याचे वजन 37 किलो आहे. सकाळी त्याला दूध-पोळी मिळते, रात्री कधी चिकन-भात तर कधी पाकिटातले कोरडे खाद्य, आणि शिवाय आपले वडील दोन्ही वेळच्या चहाबरोबर त्याला बिस्किटे देतात. महिन्यातून दोन-तीन वेळा त्याची शी पातळ होते, कधी आवही पडते, मात्र खाणे-खेळणे नेहमीसारखे चालू असते. वर्षभरात तीन कंपन्यांची खाद्ये बदलून झाली आहेत आणि आता एका स्नेह्यांनी कच्चे मांस सुरू करायला सुचवले आहे. यापुढे कोणते खाद्य द्यावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. ब्रूनोच्या पोटाला सध्या आणखी एका नव्या पदार्थाची गरज नाही. त्याला रोज तेच, त्याच वेळी आणि मोजून मिळायला हवे.

आपल्याला जेवणात पालट लागतो, म्हणून कुत्र्यालाही तो हवा असेल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कुत्र्याच्या आतड्यातील जिवाणूंची वस्ती त्याला मिळणाऱ्या अन्नानुसार घडत जाते. अन्न एकाएकी बदलले, तर त्यातील न पचलेला भाग मोठ्या आतड्यात पोहोचतो, तिथे तो आंबतो, आतड्यात पाणी ओढून घेतो आणि शी पातळ होते. म्हणूनच खाद्य बदलायचे असेल तर जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत 7 ते 10 दिवसांत बदलावे, असे सांगितले जाते. आपल्या घरी हा बदल रोज सकाळ-संध्याकाळ होतो आहे, त्यामुळे तीन कंपन्यांपैकी एकाही खाद्याची खरी परीक्षा अजून झालेलीच नाही.

सर्वांत आधी दूध बंद करावे. पिल्लू आईचे दूध सोडते तसे दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर (एन्झाइम) बहुतेक कुत्र्यांच्या आतड्यात कमी होत जाते. पाव लिटर दुधात साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज असते. काही कुत्र्यांना तेवढे सोसते, पण ज्याचे पोट वारंवार बिघडते त्याच्या बाबतीत ही शंका ठेवूच नये. त्यातून दूध म्हशीचे असेल तर स्निग्धांशही बराच जातो. पोळीबद्दल मात्र अकारण भीती नको. 2013 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांमध्ये लांडग्यांपेक्षा कितीतरी अधिक असतात. माणसाच्या दारात राहता राहता कुत्र्याला शिजवलेले धान्य पचवता येऊ लागले आहे. दूध-पोळीचा खरा दोष असा की तिने पोट भरते, पण कुत्र्याला लागणारी प्रथिने, खनिजे आणि मेदाम्ले तिच्यातून पुरेशी मिळत नाहीत. गावाकडची कुत्री दूध-भाकरीवरच वाढली, हे आपल्याकडे नेहमी ऐकायला मिळते. ती दिवसभर हिंडून आणखी काय काय खात होती, हे कोणी पाहिलेले नसते.

दुसरे काम पशुवैद्याकडचे आहे आणि ते खाद्य बदलण्याच्या आधी करावे. आव पडणे, थोडी थोडी शी वारंवार होणे, कुंथणे ही लक्षणे बहुधा मोठ्या आतड्याची असतात, आणि अशा वेळी पोटात चिवट जंत किंवा जिआर्डियासारखे एकपेशीय परजीवी असू शकतात. जंतांचे औषध वेळेवर दिले आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण प्रत्येक गोळी प्रत्येक परजीवीवर चालत नाही. शीचा ताजा नमुना तपासून घ्यावा. जिआर्डिया रोजच्या शीत सापडतोच असे नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने देता आले तर अधिक बरे. परजीवी पोटात असताना आपण खाद्य बदलत राहिलो, तर प्रत्येक खाद्यावर विनाकारण ठपका येत राहील.

आता प्रमाणाकडे वळतो, कारण लॅब्राडोरच्या बाबतीत पुष्कळदा दुखणे इथेच असते. अति खाण्याने चांगल्या प्रतीच्या अन्नावरही शी सैल होते. ब्रूनो सारखा भुकेला असतो, असे आपण लिहिले आहे. त्यात त्याचा दोष नाही आणि आपण त्याची उपासमार करत आहात असेही नाही. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडोरांमध्ये एका जनुकाचा असा दोष आढळला की, त्यामुळे पोट भरल्याची जाणीवच कमी होते. तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे पाहून वाटी भरू नये. त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवावा. हलक्या हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत, वरून पाहिल्यास कंबर दिसली पाहिजे आणि बाजूने पाहिल्यास पोट मागच्या पायांकडे वर गेलेले दिसले पाहिजे. नराची नेहमीची वजने 29 ते 36 किलो धरली जातात, पण अंगकाठी पाहून नेमके वजन पशुवैद्यच सांगतील. समजा, त्यांनी 32 किलोचे उद्दिष्ट दिले, तर त्या वजनाची विश्रांतीतील गरज दिवसाला साधारण 940 कॅलरी येते, आणि वजन उतरवताना सुरुवात बहुधा याच आकड्यापासून करतात. आता आपल्याकडचा हिशेब पाहा : तूप लावलेली एक पोळी 100 कॅलरीच्या पुढे जाते, म्हशीचे पाव लिटर दूध 250 च्या आसपास, आणि एक लहान ग्लुकोज बिस्किट 20 ते 25. मुख्य जेवण सुरू होण्याआधीच दिवसाच्या निम्म्या कॅलरी संपतात. हे एवढे तपशिलाने लिहिण्याचे कारण आहे. लॅब्राडोरांवरच झालेला, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला एक दीर्घ अभ्यास आहे. त्यात एकाच वेताच्या भावंडांच्या जोड्यांपैकी एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे आयुर्मान मध्यमानाने जवळजवळ दोन वर्षांनी वाढले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षे फार मोठी असतात.

वडिलांनी त्याला काही देऊच नये, असे मी म्हणणार नाही. त्यांचा आणि ब्रूनोचा तो चहाच्या वेळचा सहवास मोडू नये. रोजचे खाद्य सकाळीच वजन करून घ्यावे, त्यातले मूठभर दाणे एका लहान डब्यात काढून वडिलांच्या हाती द्यावेत आणि चहाच्या वेळी त्यातूनच एकेक द्यायला सांगावे. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांपलीकडे जाऊ नये, हा नियम त्यामुळे आपोआप पाळला जातो. भूक फारच दिसली तर उकडलेली फरसबी किंवा दुधी थोडा मिसळावा.

खाद्य कोरडे की घरचे, यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. आपण दोघेही नोकरी करता, घरात स्वयंपाकाला वेळ कमी आहे. म्हणून मी चांगले, प्रौढ कुत्र्यासाठी ‘संपूर्ण व संतुलित’ असा उल्लेख असलेले एकच कोरडे खाद्य निवडायला सांगेन. ते दिवसातून दोनदा विभागून द्यावे आणि निदान सहा ते आठ आठवडे बदलू नये. घरचेच द्यायचे असेल तर तेही उत्तम होऊ शकते, पण चिकन, भात आणि भाजी एवढ्याने ते पुरे होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2013 मध्ये घरगुती आहाराच्या 200 पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतील 95 टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी भरला. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. ते भरून काढायला अंड्याच्या कवचाची बारीक पूड चालते, तिच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 380 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. जस्त, आयोडिन, ड आणि ई जीवनसत्त्व यांचीही सोय लागते, म्हणून कायमचा घरगुती आहार पशुवैद्याकडून आखून घ्यावा.

पोट बिघडलेल्या दिवसांपुरता मात्र साधा आहार घरीच करता येतो. हाडे आणि कातडी काढलेले चिकन, धुतलेला तांदूळ आणि लाल भोपळ्याच्या दोन-तीन फोडी जास्त पाण्यात, मीठ-हळद-फोडणी काही न घालता, कुकरमध्ये मऊ शिजवावे, हाताने कुस्करून चिकनचे धागे मोकळे करावेत आणि पूर्ण निवल्यावर थोडे थोडे तीन-चार वेळा द्यावे. भोपळ्यातील विरघळणारा तंतू आतड्यातील जिवाणूंना अन्न पुरवतो आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर मोठ्या आतड्याच्या पेशी पोसल्या जातात, म्हणून तो वगळू नये. दोन-चार दिवसांत शी बांधून आली की नेहमीच्या खाद्यावर हळूहळू परतावे.

आपल्या रश्श्यातले चिकनचे तुकडे धुऊन देण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. ती कृपया बंद करावी. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि शिजवल्याने त्यांचा हा दोष जात नाही. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडाला घातक आहेत, म्हणजे शिऱ्याचा प्रसादही जपूनच. चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) घातलेले साखरविरहित पदार्थ त्याच्या तोंडापर्यंत पोहोचू देऊ नयेत. शिजवलेल्या हाडांच्या चिरफळ्या होऊन आतडे फाटू शकते. मटणाची चरबी किंवा तळणीचे पदार्थ यांनी स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

कच्च्या मांसाच्या सल्ल्याला माझा विरोध आहे. बाजारातल्या कोंबडीवर साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो, फ्रीजरमध्ये ठेवल्याने तो मरत नाही, आणि कुत्रा स्वतः ठणठणीत दिसत असतानाही त्याच्या शीतून तो घरात पसरतो. आपल्या घरी वृद्ध वडील आहेत आणि लहान मुलगी ब्रूनोच्या गळ्यात पडते. या परिस्थितीत हा धोका पत्करण्याजोगा नाही.

एक वही करावी. रोजचे खाद्य किती, वरचे काय दिले आणि शी कशी झाली, एवढेच लिहावे. चांगली शी ओलसर पण बांधलेली असते आणि उचलल्यावर जमिनीवर डाग राहत नाही. सुरुवातीचा भाग घट्ट आणि शेवटचा सैल असेल तर तेही नोंदवावे, पशुवैद्याला ते उपयोगी पडते. शी डांबरासारखी काळी झाली, रक्त बरेच पडले, उलट्या थांबेनात, त्याने अन्न सोडले किंवा पोट फुगून नुसतेच कोरडे उमासे येऊ लागले, तर वहीत लिहीत न बसता त्याच क्षणी दवाखाना गाठावा; पोट फुगण्याच्या प्रकारात तर जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथे तास-दोन तासही महागात पडतात. माणसांची जुलाबाची किंवा दुखण्याची गोळी परस्पर देऊ नये.

शीच्या तपासणीचा अहवाल आला की इथे लिहावे, आणि सध्याच्या पाकिटावरील घटकांची यादी व 100 ग्रॅममागील कॅलरीही द्याव्यात, म्हणजे रोज किती ग्रॅम द्यायचे ते काढून सांगता येईल.