वाचकांचे प्रश्न : गोळी, जेवण आणि मेंदूचा पहारा

प्रश्न : सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणण्यात आयुष्य गेलेल्या माझ्या वडिलांना पार्किन्सन (कंपवात) आहे. मेंदूत डोपामाइन हे संदेशवाहक रसायन कमी पडते, तर तेच का देत नाहीत? या आजारात रक्तवाहिन्याही बिघडतात का? – एक वाचक, साखर पेठ

उत्तर : मेंदूतील केशवाहिन्यांच्या (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या) अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की, वडिलांच्या चादरीची वीणही त्यापुढे सैल वाटावी. यालाच रक्त-मेंदू अडथळा म्हणतात आणि त्यातून डोपामाइन पलीकडे जात नाही. पार्किन्सनच्या गोळीतील लेव्होडोपा हे औषध मात्र अमिनो आम्लांची (प्रथिनांच्या घटकांची) ने-आण करणाऱ्या वाहकावरून आत शिरते व तेथे त्याचे डोपामाइन होते. हे रूपांतर मेंदूत पोहोचण्याआधी वाटेतच होऊ नये म्हणून जोडीला कार्बिडोपा हे दुसरे औषध असते. त्याच वाहकासाठी जेवणातील प्रथिनांची अमिनो आम्लेही झटत असल्याने, भाकरीबरोबर भरपूर शेंगाचटणी खाऊन लगेच घेतलेली गोळी काहींना उशिरा लागू पडते. (चटणी सोडा, असे सोलापूरकराला सांगण्याचे धाडस मी करणार नाही, गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.)

रक्तवाहिन्यांविषयी सांगायचे, तर रुग्णांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत केशवाहिन्या तुटक झालेल्या आणि हा अडथळा काही ठिकाणी झिरपू लागलेला आढळला आहे. मात्र हे आजाराचे कारण की परिणाम, यावर संशोधकांचे अद्याप एकमत नाही.