चंद्रावर सागरगोटे

प्रिय सोनू,

काल फोनवर तू विचारलंस, "आजीसारखे सागरगोटे चंद्रावर खेळले तर सोपं जाईल ना?" वेळ जास्त मिळेल, पण झेलणं अवघड होईल.

आजीचा हात नीट बघ. एक गोटा वर उडवायचा, तो येईपर्यंत त्याच हाताने जमिनीवरचे उचलायचे आणि उडवलेला झेलायचा. गोटा फूटभर, म्हणजे 30 सेंटिमीटर उडाला तर जाऊन-येऊन जेमतेम अर्धा सेकंद. एक उचला नाहीतर चार, वेळ तेवढाच.

चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढं. म्हणून वेळ सहापट, असं वाटतं ना? तिथेच सगळे चुकतात. फूटभरच उडवलास तर 1.2 सेकंद लागतील, म्हणजे अडीचपट, कारण वेळ सहाच्या वर्गमुळाने वाढतो. सहापट वेळ, म्हणजे 3 सेकंद, मिळेल तो हाताचा जोर इथल्याएवढाच ठेवलास तर. पण मग गोटा 1.8 मीटर वर जाईल! इथे हात जरा तिरका झाला तर गोटा 5 सेंटिमीटर बाजूला पडतो, तिथे 30 सेंटिमीटर पडेल. मांडी घालून बसल्या जागी तो कसा झेलणार? शिवाय जमिनीवर टाकलेले गोटेही घर्षण कमी म्हणून लांब घरंगळतील. म्हणून तिथे आधी हलका हात शिकावा लागेल.

गोट्यांऐवजी जड खडे घेतले तरी पडायला वेळ तोच. 1971 मध्ये अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं. हवा नसल्याने दोन्ही बरोबरच टेकली.

आता हे कर. आजी खेळताना फोन जमिनीलगत टेकवून साधा व्हिडिओ घे. हातात धरलास तर तो हलतो आणि उंची चुकते. मग 0.4 वेगाने लाव: गोटा चंद्रावरच्यासारखा पडताना दिसेल. 0.6 ला जवळपास मंगळ. 0.5 ला लावलास तर पृथ्वीच्या पाव हिश्शाचं गुरुत्वाकर्षण, म्हणजे दोघांच्या मधलं काहीतरी. फक्त आजीच्या हाताकडे बघू नकोस, तोही संथ दिसेल. खऱ्या चंद्रावर तिचा हात असाच भराभर चालेल. नजर गोट्यावर ठेव.

तिन्ही वेगांचे व्हिडिओ मला पाठव.

तुझी,
आई