महापालिकेच्या भरतीत स्थानिक रहिवाशांनाच नोकरी, हा संरक्षणवाद नाही का?

तुमचा प्रश्न असा: ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेने "उमेदवार याच शहराचा रहिवासी हवा" अशी अट घातली, तर तो भूमिपुत्रांना दिलेला न्याय म्हणायचा की बाहेरच्यांसाठी दार बंद करणारा संरक्षणवाद?

अर्ज करण्याआधी तुम्ही इथे किती वर्षं राहिलात असं अट विचारत असेल, तर तो संरक्षणवादच. नोकरी लागल्यावर कुठे राहायचं एवढंच ती सांगत असेल, तर नाही. प्रकल्पग्रस्तांचा हक्क या दोन्हींपेक्षा वेगळा आहे आणि त्याची यात सरमिसळ झाली की सर्वाधिक नुकसान प्रकल्पग्रस्तांचंच होतं.

आधी कायदा पाहू. मोर्च्यांमध्ये आणि जाहीरनाम्यांमध्ये ही बाजू जवळजवळ कधीच सांगितली जात नाही. संविधानाच्या कलम १६(२) नुसार सरकारी नोकरीत केवळ जन्मस्थान किंवा निवास या कारणावरून भेदभाव करता येत नाही. कलम १६(३) मध्ये याला अपवाद आहे, पण निवासाची अट घालणारा कायदा फक्त संसद करू शकते. तो अधिकार विधानसभेला नाही, महापालिकेच्या महासभेला तर नाहीच. संसदेने १९५७ मध्ये असा कायदा केला, तोही मुख्यतः राज्याराज्यांतल्या जुन्या निवास-अटी रद्द करण्यासाठी. तेलंगण (तेव्हा आंध्र प्रदेशाचा भाग), हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा यांना त्यात तात्पुरती सूट होती. त्यातली तेलंगणाची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रद्द केली. राज्याच्या आतल्या एका भागासाठी निवासाची अट घालता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पुढे आंध्रसाठी कलम ३७१-ड आणावं लागलं, म्हणजे थेट घटनादुरुस्ती. एका शहरापुरती अट घालणं कायद्याने किती अवघड आहे, हे यावरून लक्षात येईल.

त्यानंतरही प्रयत्न झाले. राजस्थानात प्राथमिक शिक्षकांच्या भरतीत त्याच जिल्ह्यातल्या आणि ग्रामीण भागातल्या उमेदवारांना जादा गुण दिले जात. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरवले. झारखंडने १३ अनुसूचित जिल्ह्यांतली तृतीय आणि चतुर्थ श्रेणीची पदं शंभर टक्के स्थानिकांसाठी ठेवली होती, तो निर्णयही उच्च न्यायालयाने २०२० मध्ये रद्द केला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. तेव्हा उद्या महासभेने "८० टक्के पदं शहरातल्यांनाच" असा ठराव केला, तरी राज्य सरकार महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो निलंबित किंवा विखंडित (म्हणजे रद्द) करू शकतं. सरकारने नाही केला तर न्यायालयात टिकणार नाही. मधल्या काळात भरती लटकते आणि उमेदवारांची वयोमर्यादा उलटून जाते.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहारात काय होईल ते बघा. एखाद्या शहरात सलग इतकी वर्षं राहिल्याचं सिद्ध करणंच अवघड आहे. तहसीलदार कार्यालयातून मिळणारं अधिवास प्रमाणपत्र महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचं असतं, घणसोलीतल्या किंवा कोपरीतल्या नाही. शहरापुरता पुरावा म्हणून रेशनकार्ड, वीजबिल, मतदारयादी, आधारवरचा पत्ता एवढंच हाती राहतं. ओळख असलेल्या माणसाला आधारवरचा पत्ता नातेवाइकाच्या घरी हलवून घेणं सोपं आहे. पण ११-११ महिन्यांच्या करारावर घर बदलत बारा वर्षं ऐरोलीत राहिलेल्या भाडेकरूकडे सलग पुरावा नसतो, कारण वीजबिल घरमालकाच्या नावावर येतं. लग्न होऊन ठाण्यातल्या दिवा भागात आलेल्या मुलीची कागदपत्रं माहेरच्या पत्त्यावर असतात. अट घालायची खऱ्या रहिवाशासाठी आणि त्यालाच बाहेर ठेवायचं, असा प्रकार होतो.

सीमेचा घोळ याहून मोठा. नवी मुंबई महापालिका दिघ्यापासून बेलापूरपर्यंत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. पनवेल आणि उरण रायगडात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने एकाच नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तिन्ही तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली. आता "ठाणे जिल्ह्याचाच रहिवासी" किंवा "महापालिका हद्दीतलाच" अशी अट आली, तर उलव्याचा किंवा जासईचा मुलगा परका ठरतो आणि तीन वर्षांपूर्वी कोपरखैरण्यात फ्लॅट घेतलेला माणूस स्थानिक होतो. आणि ठाण्याने दार लावलं तर मुंबई का नाही लावणार? मुंबई महापालिकेत आणि बेस्टमध्ये आज ठाणे, कळवा, ऐरोली, वाशीची किती माणसं कामाला जातात ते सकाळी लोकलमध्ये दिसतं. अशी बंदी सगळ्यांनी घातली तर सर्वांत मोठा फटका आपल्यालाच आहे, कारण जास्त पदं पलीकडे आहेत.

याची किंमत शेवटी कोण मोजतं हेही बघायला हवं. लिपिक किंवा शिपाई पदाला अर्जांचा तुटवडा नसतो, त्यामुळे तिथे ती किंमत लगेच दिसत नाही. पण डायलिसिस तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, भूलतज्ज्ञ, बायोमेडिकल अभियंता अशा पदांना पात्र माणसं राज्यभरातही मोजकीच मिळतात. तिथे क्षेत्र एका शहरापुरतं आखलं की पद रिकामं राहतं आणि रांगेतला रुग्ण खाजगी रुग्णालयात जातो. तो रुग्ण स्थानिकच असतो. एका गटाच्या फायद्यासाठी सगळ्या शहराने पैसे मोजायचे, संरक्षणवाद म्हणतात तो यालाच.

नोकरी लागल्यावरच्या निवास-अटीचं तसं नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने आपल्या कर्मचाऱ्यांना शहरातच राहण्याची सक्ती केली होती. शेजारच्या न्यू जर्सी राज्यात राहायला गेलेल्या तिथल्या अग्निशमन जवानाला नोकरी गमवावी लागली आणि १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. तो निकाल देताना न्यायालयाने नेमका हाच फरक केला: नोकरीत असताना शहरात राहा म्हणणं वेगळं आणि आधी अमुक काळ राहिलेला असलास तरच अर्ज कर म्हणणं वेगळं. पहिल्यात कुणालाही बंदी नाही; निवड झाली की राहायला या. आपल्याकडे ग्रामसेवक, तलाठी, शिक्षकांना मुख्यालयी राहण्याची अट याच जातीची आहे. अंगणवाडी सेविका त्याच गावची लागते, पोलीस पाटील त्याच गावचा लागतो; ती अट अर्जाआधीची असली तरी मी तिला अपवाद मानतो, कारण गाव माहीत असणं हेच त्या कामाचं मर्म आहे. अग्निशमन केंद्रालगत निवासस्थानं असतात तीही कामाच्या गरजेनेच. मराठी वाचता, लिहिता, बोलता येण्याची अटही मी याच खात्यात धरतो. ती कामाची गरज आहे आणि माणूस ती शिकून पूर्ण करू शकतो. जन्म किंवा मागची पंधरा वर्षं कुणी शिकू शकत नाही.

आता प्रकल्पग्रस्त. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि आगरी-कोळी गावांची भातशेती, मिठागरं, खाडीकिनारा शहराखाली गेला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. या माणसांना नोकरीत मिळणारी जागा म्हणजे घेतलेल्या जमिनीचं देणं आहे. तिथे पत्ता विचारलाच जात नाही, कुणाची जमीन गेली ते विचारलं जातं. त्यामुळे त्याला "स्थानिकांना प्राधान्य" म्हणणं मला मनापासून चुकीचं वाटतं. तसं म्हटलं की कालपरवा आलेलाही त्याच रांगेत उभा राहतो.

हे देणं आज गट क आणि ड मधल्या ५ टक्के समांतर आरक्षणातून मिळतं आणि त्यातले बारकावे माहीत नसल्याने बरेच जण फसतात. समांतर म्हणजे ५ टक्के एकूण पदांवर वेगळे काढले जात नाहीत, ते प्रत्येक प्रवर्गाच्या आत मोजले जातात. तुमच्या प्रवर्गाची आठ पदं असतील तर ५ टक्के म्हणजे ०.४, एकही जागा नाही. पात्र प्रकल्पग्रस्त मिळाला नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराने भरली जाते, पुढच्या भरतीसाठी राखून ठेवली जात नाही. प्रकल्पग्रस्त दाखल्याचा लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो. तेव्हा कोण अर्ज करणार ते घरात आधी ठरवून, नामनिर्देशन आणि वारसाचे कागद जाहिरात येण्यापूर्वीच पूर्ण करून ठेवा. भूसंपादनाच्या निवाड्यातलं आजोबांचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं आडनाव यात फरक असतो, दाखला बहुधा तिथेच अडतो. एक आडनाव गावावरून आणि दुसरं कुळावरून लावलेलं, हे आपल्याकडे सर्रास आढळतं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र लागतं आणि त्यात वेळ जातो. प्रमाणपत्र अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आत हातात हवं, "अर्ज केला आहे" ही पोचपावती चालत नाही.

आणि कंत्राटी कामाकडेही लक्ष ठेवा. सफाई, उद्यान, पाणीपुरवठा, डेटा एंट्री अशी बरीच कामं ठेकेदारामार्फत होतात. तिथे ना खुली जाहिरात, ना परीक्षा, ना ५ टक्के. स्थानिकांना न्याय हवा असेल तर निवासाच्या अटीसाठी मोर्चा काढण्याआधी ही पदं आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, आणून सरळसेवेने (थेट भरतीने) भरायला लावा. ती मागणी न्यायालयात निवासाच्या मुद्द्यावर अडकणार नाही, आणि तिथे गावातली मुलं परीक्षा देऊन, कायमची, लागतील.