माइक स्टीव्हन्स ऐकायला सुरुवात कोठून करावी?

वेल्श गायक माइक स्टीव्हन्स यांचा 1970 चा ‘आउटलँडर’ हा अल्बम आधी ऐकावा की अनेक वर्षांनी उजेडात आलेली त्यांची एकट्याची ध्वनिमुद्रणे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्या एकट्याच्या ध्वनिमुद्रणांची तबकडी ‘सप्टेंबर 1965 : द टोनी पाइक सेशन’ आधी ऐकावी.

याच तबकडीवरून माझा थोरल्या चुलतभावाशी वाद झाला होता. वेल्सची राजधानी कार्डिफमध्ये नोकरीला असताना मी ती स्पिलर्स या 1894 पासून चालू असलेल्या दुकानातून आणली होती आणि दादा तेव्हा सुट्टीत माझ्याकडे आला होता. वाद्यवृंदात त्याने वीस वर्षे ॲकॉर्डियन वाजवले आहे, त्यामुळे त्याचा कान तयार आहे हे मला मान्य आहे. मात्र तिसरे गाणे संपण्याआधीच तो म्हणाला, ‘‘हा कच्चा माल आहे. चांगला असता तर तेव्हाच बाहेर आला असता. शिवाय ही अमेरिकी गायक बॉब डिलनची छाप आहे.’’ मला ते फार लागले, कारण हाच दादा जुन्या गवयांच्या खासगी मैफलींच्या फिती, ज्यांत मध्येच कपबशांचा आवाज येतो, जिवापाड जपतो. तेथे जी खरखर त्याला प्रिय आहे, तीच गिटारच्या तारेवरून बोट सरकताना ऐकू आली की दोष कशी ठरते?

तेव्हा बाहेर न येणे हा गुणवत्तेचा निकाल नव्हे. डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीने 1965 मध्ये स्टीव्हन्स यांची एक छोटी तबकडी काढली, वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने ‘आउटलँडर’ काढला, आणि त्यानंतर सोलवा या वेल्समधील पेंब्रोकशायरच्या किनाऱ्यावरील गावात जन्मलेला हा माणूस लंडनच्या बाजारापेक्षा वेल्श भाषेतच रमला. तेथूनच 1972 चा ‘ग्वमॉन’ हा अल्बम आला, ज्याचा अर्थ समुद्रशेवाळ. त्याची मूळ प्रत पुढे कित्येक वर्षे संग्राहक शोधत राहिले, म्हणून तो वाईट ठरला का?

एवढे मात्र सांगितले पाहिजे की 1965 च्या गाण्यांवर डिलनचा प्रभाव आहे, आणि आपल्याला सायकेडेलिक, म्हणजे गुंगी आणणारा स्वप्नवत रंगच हवा असेल तर ती अपुरी वाटतील. त्यासाठी ‘आउटलँडर’मधील सतार-तबल्याचे ‘यॉरिक’ ऐकावे. अन्यथा आधी एकटा आवाज, मग ‘आउटलँडर’, मग ‘ग्वमॉन’. दादाला मी हाच क्रम सुचवला होता, पण त्याने तिसऱ्या गाण्यावरच तबकडी बंद केली.