लाकूड चिरतं ते टोकाकडून

प्रश्न : काका, नमस्कार. बांधावरचं धामणीचं झाड वादळात आडवं झालं. मुलाला धनुष्य करून द्यायचं म्हणून मांडीएवढ्या जाडीचा सहा फुटी तुकडा पाचरी मारून चार फाकांत फोडला, साल सोलली आणि गच्चीवर उन्हात ठेवला. आठ दिवसांत सगळ्यांच्या टोकांना चिरा पडल्या. एक तर हातभर आत गेली आहे. या फाकांचं काही होईल का? उरलेला ओंडका अजून सालीसकट पडून आहे. त्याला कोणी मेण लाव म्हणतं, कोणी शेण. पावसाळ्याच्या आत लाकूड वाळेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुम्ही जे केलंत तेच मी १९८९च्या मे महिन्यात केलं होतं. लाकूड तेच, गच्चीऐवजी पत्र्याची शेड. संध्याकाळी वरून टक्, टक् आवाज यायला लागले. वडील खाली जू तासत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही. “लाह्या फुटतायत वाटतं तुझ्या,” एवढंच म्हणाले. सकाळी शिडी लावून वर गेलो, तर चारपैकी तीन फाकांत बोटाचं नख जाईल अशा चिरा.

असं का होतं ते आधी समजून घ्या. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी. पाणी त्या नळ्यांच्या तोंडातून जितकं भराभर बाहेर पडतं, त्याच्या दहावा हिस्साही बाजूने पडत नाही. त्यामुळे टोकं आधी सुकून आक्रसतात, मधला भाग मात्र अजून फुगलेलाच असतो. मग टोक फाटतं. टोकाला लेप लावतात तो लाकूड वाळू नये म्हणून नव्हे, ते सगळीकडून सारखं वाळावं म्हणून. तेव्हा लेप त्याच दिवशी लागला पाहिजे. करवत ठेवली की ब्रश उचलायचा. चहा नंतर.

काय लावायचं? मी सुतारकामाचा पांढरा डिंक वापरतो, पाणी न घालता. दोन जाड हात, आणि नुसत्या कापावर नाही, कडेनेही चारेक इंच मागे. मेणही उत्तम, पण ते चांगलं तापलेलं हवं, कोमट मेणाचे पोपडे निघतात. डबा कायम गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तापवा, थेट गॅसवर नको, भडका उडतो. घरात उरलेला ऑइलपेंट असेल तर तोही चालेल. शेणाचं म्हणाल, तर वडील शेण आणि तांबडी माती कालवून थापायचे. काम होतं, पण सुकलं की खपली पडते आणि चौथ्या दिवशी पुन्हा थापावं लागतं. शेजारच्या वासराने एकदा आमचा ताजा लेप चाटून साफ केला होता, तेही सांगून ठेवतो.

साल सोललीत, तर पाठही झाका. धनुष्याची पाठ म्हणजे निशाणाकडे तोंड असलेली, झाडाच्या सालीकडची बाजू. सगळा ताण तिथे येतो. म्हणून तिच्यावरही डिंकाचा किंवा लाखेच्या पॉलिशचा हात द्यायचा. पोट, म्हणजे तिरंदाजाकडची बाजू, आणि दोन्ही कडा मात्र मोकळ्या ठेवा, पाणी तिकडून जाऊ द्या.

आता तुमच्या फाका. टोकाची चीर जिथे संपते त्याच्या दोन इंच पुढून कापा आणि तो ताजा काप लगेच झाका. मुलाची खेच, म्हणजे दोरी मागे ओढायचं अंतर, २६ इंच धरली तर धनुष्य ६२–६४ इंच तरी हवं. म्हणजे सहा फुटांतून तुमच्या हाती जेमतेम आठ-दहा इंच आहेत. हातभर चिरलेली फाक त्यात बसत नाही, तिचे कुऱ्हाडीला दांडे करा, धामणीसारखा दांडा नाही. बाकीच्यांत एखादी बारीक चीर उरली तर तिची दिशा बघा. फाकेच्या लांबीला समांतर असेल तर पातळ सुपरग्लू सोडा, पिऊन घेईल. तिरकी जाऊन कडेला बाहेर पडत असेल तर मोह सोडा. ते धनुष्य मुलाच्या तोंडासमोर मोडेल.

वाळवायला गच्ची नको. वारा असलेली सावली हवी. फाका जमिनीपासून वर, खाली पट्ट्या घालून आडव्या ठेवा. आणि पावसाळ्याच्या आत वाळेल का म्हणता, तर नाही. धनुष्याच्या लाकडात आठ ते दहा टक्के पाणी राहिलं पाहिजे. जास्त असलं की दांडा ओढीला बाक धरतो आणि सोडल्यावर सरळ होत नाही. फार कमी झालं की काडीसारखा मोडतो. आपल्या कोकणात जुलैच्या हवेतच इतका ओलावा असतो की लाकूड सोळा-सतरा टक्क्यांखाली उतरतच नाही. तेव्हा पावसाळा चुलीवरच्या माळ्यावर काढू द्या, धुराने भुंगाही लांब राहतो. चूल नसेल तर शेवटच्या टप्प्यासाठी प्लायवूडचा लांब खोका करून आत ६० वॅटचे दोन पिवळे, तापणारे तारेचे बल्ब लावा, दोन्हीकडे भोकं ठेवा. पण ओली फाक त्यात घालाल तर पुन्हा लाह्या.

वाळलं हे कळायचं कसं? टिचकी मारून आवाज ऐकणारे भेटतात, मीही त्यातला होतो. आता ताणकाटा वापरतो. दर रविवारी वजन, पेन्सिलने फाकेवरच तारीख घालून. माझी एक फाक पौषात ५ किलो ८०० भरली होती, दिवाळीनंतर ४ किलो ३००वर आली आणि मग तीन रविवार आकडा हलला नाही. हलायचा थांबला म्हणजे लाकूड तुमच्या हवेशी जुळलं.

उरलेला ओंडका आजच फोडा, अख्खा ओंडका वाळताना चिरतोच. साल काढून टाका, तिच्याखाली कीड घर करते. आणि पुढे कधी उभी धामण तोडायची झाली तर, स्वतःच्या बांधावरची असली तरी, आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा. तोडायची ती पौष-माघात. आपल्याकडे तिचं संस्कृत नावच धनुर्वृक्ष आहे.

प्रश्न : नंदुरबारकडून आणलेल्या भिल्ली बांबूच्या धनुष्यातून पिवळं पीठ पडतं. दोरीही बांबूच्याच सालपटाची आहे. काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घुण आहे. बांबूतल्या पिठूळपणाला तो येतो. टाचणीएवढ्या प्रत्येक भोकात इंजेक्शनच्या सुईने रॉकेल सोडा, दोन दिवस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, मग सावलीत वाळवून लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या. त्याआधी दोरी उतरवून ठेवा, तिला रॉकेल लागू देऊ नका. धनुष्याखाली काळा कागद पसरा. आठवड्याने त्यावर नवीन पीठ दिसलं तर पुन्हा सुई.