बाल कल्याण समितीचा आदेश नंतर बदलता येतो का?

भाच्याला बालगृहात ठेवलंय, अपिलाचे ३० दिवस निघून गेले, आता दार बंदच का, असं तुम्ही विचारलंय. नाही. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम १०४ काढा. मूल कुठल्या संस्थेत किंवा कोणाकडे राहील, हा आपलाच आदेश समिती अर्जावरून बदलू शकते.

आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. बहीण गेली, भाऊजी दारूत बुडाले, नऊ वर्षांची भाची बालगृहात. मी नागपूरच्या महाल भागात शिवणकाम करते. मोठा भाऊ म्हणे, "कागद काहून करतं? मी साहेबांशी बोलतो ना." दोन महिने तो बोलतच राहिला. फायलीत आमच्याकडून एक ओळ नव्हती. भेटीच्या दिवशी पोट्टी माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून बसायची. निघताना ते सोडवावं लागायचं.

शेवटी मीच अर्ज लिहिला. आदेशाची तारीख, तेव्हापासून काय बदललं, ती झोपणार कुठे, शाळेत नेणार कोण. पोच घेतली. चौकशीला बाई घरी आल्या, मशीन सरकवून टाकलेली खाट बघितली आणि शेजारणीला विचारलं, रात्री इथं कोण कोण येतं. असा बदल करताना समितीचे किमान तीन सदस्य हजर लागतात, संबंधित सगळ्यांचं ऐकावं लागतं. म्हणून भाऊजींनाही मी बोलावलं. भाऊ त्यावर चिडला होता. पण तेच सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही, मावशीकडं राहू द्या."

भाऊ आजही लग्नकार्यात सांगतो, माझ्या ओळखीनं पोरगी सुटली. साफ खोटं आहे. शिक्का मारलेली पोच माझ्या कपाटात आहे, खाली सही माझी आहे. तुमच्या घरात असा बोलून घेणारा कोणी असेल तर त्याच्या भरवशावर एक दिवस घालवू नका.

एक राहिलंच. १०४ संस्था आणि ताबा याबद्दलच आहे. समुपदेशन, व्यसनमुक्तीचे उपचार असले निर्देश बदलायचे असतील तर तेही लेखीच मागा, पण कलम कोणतं टाकायचं ते वकिलाला विचारून. बाईमाणसाला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नागपुरात असाल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. आणि भांडण नवरा-बायकोतल्या ताब्याचं असेल तर हे काहीच लागू नाही, ते कौटुंबिक न्यायालयाचं काम.