मेंढीचं रक्त इंजेक्शनाआधी घ्या

प्रश्न (जत तालुक्यातील मेंढपाळ): माडग्याळ मेंढ्या मलूल झाल्यात, पापण्या आतून पांढऱ्या पडल्यात, कानांत गोचीड आहेत. इंजेक्शन दिल्यावर दोन दिवसांनी रक्त तपासलं, तर रिपोर्ट कोरा आला. मग तपासून उपयोग काय?

उत्तर: उपयोग आहे, पण रक्त उशिरा घेतलं गेलं. तुम्ही सांगता त्या लक्षणांवरून ॲनाप्लाझ्मोसिसची शंका येते. गोचिडांमार्फत पसरणारा या रोगाचा जिवाणू रक्तातल्या तांबड्या पेशीत, बहुधा कडेला, बारीक ठिपक्यासारखा दिसतो. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचलं की ठिपके कमी होतात आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर सापडत नाहीत. म्हणून आधी रक्त, मग औषध. मेंढी फार खालावली असेल तर डॉक्टरांनी रक्त घेतलं की लगेच उपचार सुरू करा, रिपोर्टसाठी थांबू नका.

काचपट्टीला कानाच्या शिरेतलं रक्त चांगलं, तेही अंगात ताप असताना. थेंब काचेच्या टोकाशी ठेवून दुसऱ्या तिरक्या काचेनं एका दमात पुढे ओढला की जिभेच्या आकाराचा पातळ थर बसतो. तो हवेत वाळवा आणि माश्यांपासून जपा. माश्या हा थर चाटून टाकतात, मग प्रयोगशाळेत बघायला काही उरत नाही.

मानेच्या शिरेतलं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. नळी जोरात हलवू नका, आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करा. बर्फाच्या डब्यात ठेवताना मध्ये कागद घाला, कारण रक्ताचा बर्फ झाला तर पेशी फुटतात. या नळीतून रक्तक्षय किती आहे ते कळतं आणि पीसीआर, म्हणजे जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणीही करता येते. बऱ्या दिसणाऱ्या मेंढीच्या रक्तात जिवाणू इतके थोडे असतात की काचेवर चुकतात, पीसीआरला मात्र सापडू शकतात. एलायझा ही रक्तचाचणी प्रतिपिंडं, म्हणजे जिवाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं दाखवते. त्यावरून कळपात लागण येऊन गेली एवढं समजतं, आजची मेंढी त्यानंच आजारी आहे असं ठरत नाही.

थायलेरिया आणि बबेशियाही गोचिडांमुळेच होतात, पण ते जिवाणू नव्हेत, एकपेशीय परजीवी आहेत आणि त्यांची औषधं वेगळी आहेत. निदान हवं ते यासाठीच. पांढऱ्या पापण्या जंतांमुळेही होतात, तेव्हा रक्तासोबत ताज्या लेंड्या जरूर पाठवा. नमुने तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला आणि गरज पडल्यास पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात.

बरी झालेली मेंढीही बराच काळ जिवाणू बाळगते आणि तो सुईवाटेही पसरतो. लस टोचताना प्रत्येक मेंढीला नवी सुई वापरायला सांगा.